आरेसाठी स्टेटस, ई-क्लाससाठी काय?

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत आरेतली दोन हजारांवर झाडं तोडली गेली. कारंज्याजवळच्या आमच्या गावात बसून मीही स्टेटस ठेवलं होतं. त्याच सुमारास आमच्या ई-क्लासवर पोकलेन चालत होतं, मुरूम भरून टिप्पर जात होते. त्याचा मी साधा फोटोही काढला नाही. ई-क्लास म्हणजे सरकारी चराईची जमीन, बाकी महाराष्ट्र जिला गायरान म्हणतो ती. सातबाऱ्यावर सरकारचं नाव, म्हणजे कोणाचीच नाही, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

मुंबईचं काय झालं ते बघा. मधोमध शंभरेक चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान, त्यात बिबटे, आणि चहूबाजूंनी इमारती. पलीकडे तुंगारेश्वरचं जंगल आहे, पण मधे घोडबंदर रस्ता आणि खाडी. आता तिथे तज्ज्ञ बसून जंगलं परत कशी जोडायची याचा विचार करतात. आधी शहर बांधायचं, मग बिबट्याला वाट शोधायची. वाशीम जिल्ह्यात हे अजून उलट्या क्रमानं करता येतं, आणि आपण ते करत नाही आहोत, ही माझी तक्रार आहे.

कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं. त्याच भागातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. सहा पदरी, ताशी १२० ची मर्यादा, दोन्ही बाजूंनी अडथळा. वन्यप्राण्यांसाठी त्यावर पूल आणि भुयारी वाटा केल्या, हे चांगलंच झालं. पेंचजवळच्या राष्ट्रीय महामार्गावर अशा नऊ वाटा आहेत आणि त्यांतून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. पण तिथे वाटेच्या दोन्ही तोंडांशी जंगल आहे. आमच्याकडे पूल उतरलं की काय लागणार? समृद्धीच्या इंटरचेंजजवळ नवनगरं वसवायची योजना आहे. त्या नकाशात गोदामांना जागा मिळेल, प्लॉट पडतील. काळविटाच्या वाटेची रेघ त्यात कोण मारणार?

त्याच २०१९ साली रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघाला आणि तेलंगणात डोकावून, हिंगोली, वाशीम, अकोला करत बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशेवर किलोमीटर. तो काही एका अभयारण्यातून दुसऱ्यात उडी मारत गेला नाही. नाल्याकाठानं, शेतांतून, झुडपांतून गेला. म्हणजे जाळं आधीपासून आहे. अडाण आणि काटेपूर्णेचे काठ, धुरे, पांदण रस्ते, उरलेला ई-क्लास, हेच ते जाळं. फक्त कुठल्या आराखड्यात त्याचं नाव नाही.

त्यात आणखी एक गंमत. ई-क्लासचं भलं करायचं म्हटलं की आपण खड्डे खणून झाडं लावतो. ३३ कोटी वृक्षलागवडीचं वर्षही २०१९ च. अरे, काळवीट हा मोकळ्या माळावरचा प्राणी! नजर आणि पळ, एवढ्यावर तो जगतो. त्याला गवत हवं. गवताला मात्र आपल्याकडे ‘पडीक’ म्हणतात.

आता बाबांचं म्हणणं. ते हंगामभर जागलीला जातात. रोही, हरणं, रानडुकरं रात्रीतून सोयाबीन साफ करतात. झटका मशीनलाही ती सरावली आहेत. “तुमच्या हरणाले वाट पायजे, अन् माह्या तुरीचं काय?” या प्रश्नावर शहरी पर्यावरणप्रेमी गप्प बसतात, म्हणून गावात त्यांचं कोणी ऐकत नाही. मी एवढंच म्हणतो, की ई-क्लासवरचं गवत आपणच खरवडून काढलं, आता कळप धुऱ्याच्या अलीकडे येणारच. गवत परत आलं तरी सगळं नुकसान थांबणार नाही, हेही खरं. म्हणून ज्याचं शेत या वाटेत येतं त्याला पंचनाम्यामागे पळवू नका, दरवर्षी एकरी ठरलेले पैसे आधी द्या. ७०१ किलोमीटरसाठी जमीन मोजून पैसे देता आले, तर या पट्ट्यांसाठीही देता येतील. आणि नवनगराच्या नकाशावर पहिली रेघ नाल्याची आणि गवताची मारा, प्लॉट नंतर.

येत्या ग्रामसभेत उरलेल्या ई-क्लासची मोजणी आणि मुरूमबंदी असा विषय मी लेखी दिला आहे. बाबा येणार आहेत. विरोधात बोलणार, असं सकाळीच सांगून झालंय.