टायटॅनिकच्या पोटात कोण होतं?

भाच्याने दुबईहून टायटॅनिकच्या मॉडेलचा संच आणला आणि दोन महिने खपून जोडला. चार धुरांडी, 20 जीवनरक्षक होड्या, डेकवरचे बाक, सगळं जिथल्या तिथे. धुरांड्यांचा पिवळा नेमका कसा होता, यावर तो रात्र-रात्र इंटरनेटवर वाद घालत होता. ईदला आलेल्या प्रत्येकाला जहाज दाखवलं गेलं. मी विचारलं, "याच्या पोटात काय आहे?"

"काही नाही मामू, पोकळ आहे."

माझी तक्रार या पोकळीबद्दलच आहे.

खऱ्या टायटॅनिकच्या पोटात 29 बॉयलर होते, 159 भट्ट्या होत्या. रोज शेकडो टन कोळसा माणसं फावड्याने त्यात लोटत. चौथ्या धुरांड्यातून तर बॉयलरचा धूर निघतच नसे. ते हवा खेळवायला आणि रुबाबाला होतं. संचात ते रुबाबाचं धुरांडं आहे, फावडं धरलेला माणूस नाही. जहाज बुडालं त्याच दिवसापासून कंपनीने खलाशांचा पगार थांबवला. तेही खोक्यावर छापलेलं नाही.

कुणी म्हणेल, साधी हौस आहे, तिच्यात राजकारण कशाला आणता? हौस जरूर करा. पण हौसेला धुरांड्याचा रंग दिसतो आणि माणूस दिसत नाही, हेच तर राजकारण आहे.

टायटॅनिकवरचे भट्टीवाले गोरे होते. मुंबईला येणाऱ्या पी अँड ओच्या आलिशान बोटींवर मात्र आपली माणसं होती. डेकवर कोकणातले आणि गुजरातचे, भट्टीपाशी पंजाबी आणि पठाण, जेवणाच्या दालनात गोव्याचे. सारंग, टंडेल, सुखाणी, कसाब, भंडारी, आगवाला. यांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराचा जेमतेम तिसरा-चौथा हिस्सा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश कायद्याने गोऱ्या खलाशाला राहायला 72 घनफूट जागा ठरवली होती, आपल्या माणसाला 36. वर नाचाचा दिवाणखाना, खाली निम्मा माणूस.

पण दोष एकट्या संच बनवणाऱ्यांना कसा द्यावा? माझे आजोबा डेकवर खलाशी म्हणून लागले आणि टंडेल होऊन उतरले. आमच्या घरात लग्नाची बोलणी निघाली की ते "बोटीवर ऑफिसर" होतात. त्यांचं नोकरीचं पुस्तक पत्र्याच्या पेटीत वाळवीने खाल्लं, कुणाला हळहळ वाटली नाही. पोकळी आम्हीच केली. परक्याच्या जहाजाचा खिळान् खिळा आम्हाला पाठ आहे, आजोबांच्या बोटीचं नाव मात्र ठाऊक नाही.

मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या आणि समुद्राशिवाय दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक तिथे आहे. त्यांत कोकणच्या घरांतलेही आहेत. किती जणांनी मुलांना तिथे नेलं?

भाच्याला मी एवढंच सांगितलं: संच राहू दे, शोभतो. पण नानीजवळ बस, वही घे. आजोबांचं पूर्ण नाव, बोटीचं नाव, हुद्दा आणि पगार लिहून काढ. हुद्दा खरा लिही. टंडेल म्हणजे टंडेल.

यात लाज कसली? जहाज त्यांनीच चालवलं.