टोकन दिसेनासे होते तेव्हा



गेल्या महिन्यात, २० तारखेस, प्रतिक्रमणास निघण्याच्या बेतात असतानाच गुहागर बाजारपेठेतील आमच्या एका नातलगांचा फोन आला. "काका, टोकन दिसतच नाहीये." त्यांची पेढी आता कंपनी झाली असल्याने जीएसटीच्या विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी अनिवार्य. ती स्वाक्षरी यूएसबी टोकनात, आणि टोकन क्षणात दिसे, क्षणात नाहीसे होई. ३बी विवरणपत्राचा तो अखेरचा दिवस. उशीर झाल्यास दररोज ५० रुपये विलंब शुल्क, शिवाय थकलेल्या करावर १८ टक्के दराने व्याज. दुरुस्ती करणाऱ्याने तर फोनवरूनच मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला होता.

बँकेत संगणक येण्यापूर्वी खतावणीची बेरीज जुळली नाही, तर आम्ही लगेच सर्व पाने पुन्हा बेरजेस घेत नसू. फरकास ९ ने नि:शेष भाग गेला, तर कोठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असावी, हे प्रथम पाहायचे. चूक कोणत्या भागात आहे ते ठरवून तेवढाच भाग तपासायचा. येथेही तीच रीत लागू पडते. टोकन, केबल, पोर्ट, संगणक यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन एकदम बदलल्या तर काम होते, पण दोष कोठे होता ते कळत नाही.

मी टोकन समोरच्या पोर्टमधून काढून संगणकाच्या पाठीमागील पोर्टमध्ये लावण्यास सांगितले. ते लगेच दिसले, आणि दिसत राहिले. विवरणपत्र त्याच रात्री भरले गेले.

दुसऱ्या दिवशी समोरच्या पोर्टमध्ये पेन ड्राइव्ह लावून पाहिला. तोही तुटू लागला. म्हणजे टोकन निर्दोष. पाठीमागील पोर्ट थेट मदरबोर्डवर जडवलेले असतात. समोरचे मात्र आतून एका बारीक वायरीने जोडलेले असतात आणि हाताशी असल्याने तेच अधिक झिजतात. साधे यूएसबी पोर्ट किमान १५०० वेळा घालणे-काढणे सोसेल, असे प्रमाण आहे. दिवसातून तीनदा टोकन लावणाऱ्या दुकानात हा हिशेब ५०० दिवसांत पुरा होतो! त्यात आपला समुद्र हाकेच्या अंतरावर. खारी, दमट हवा धातूच्या पट्ट्यांवर डाग चढवते, आणि चातुर्मासात हा त्रास वाढतो.

संगणक बंद करून, प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्ट्या पुसाव्यात आणि पूर्ण वाळू द्याव्यात. सुरीचे टोक किंवा टाचणी आत घालू नये. बाजूचे झाकण उघडताना जयणा पाळावी. पावसाळ्यात मुंग्या अंडी घेऊन उबदार पेटीत शिरतात. झाकण उघडून काही वेळ तसेच ठेवावे, त्यांना जाऊ द्यावे, मग पुंजणीसारख्या मऊ ब्रशाने धूळ झाडावी. फुंकणीच्या यंत्राची घाई करू नये.

त्यांचा प्रिंटरही दुपारच्या विसाव्यानंतर गायब होई. त्याचे कारण निराळे होते. वीज वाचवण्यासाठी विंडोज रिकाम्या यूएसबी उपकरणास झोपवते. पॉवर ऑप्शन्समधील प्रगत मांडणीत 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद केले आणि तक्रार संपली. बाहेरील हार्ड डिस्क अडखळत असेल, तर विजेचा विचार करावा. जुन्या यूएसबी २ पोर्टचे प्रमाण ५०० मिलिअँपिअर, यूएसबी ३ चे ९००. एकाच स्वस्त हबवर चार उपकरणे लावली की तेवढीच वीज चौघांत वाटली जाते. स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असलेला हब घ्यावा.

मला खरी चिंता वाटली ती त्या पेन ड्राइव्हची. वर्षभराच्या हिशेबाची एकमेव प्रत त्याच्यावर, आणि ती दररोज त्याच डळमळीत पोर्टमधून घेतली जात होती. लिहिणे चालू असताना जोडणी तुटली, तर फाइल अर्धवट राहते, आणि हे कळते ते ती उघडण्याची वेळ आल्यावरच. आम्ही प्रत उघडून पाहिली; सुदैवाने शाबूत होती. आता दोन पेन ड्राइव्ह आहेत, एक दुकानात आणि एक घरी, आणि 'इजेक्ट' केल्याशिवाय कोणीही ते ओढून काढत नाही.

समोरच्या पोर्टवर त्यांनी कागदी पट्टी चिकटवली आहे. पाठीमागील पोर्टला हातभर लांबीची एक्स्टेंशन वायर कायमची लावून तिचे तोंड टेबलावर आणले आहे. टोकन आता तेथेच लागते. झीज व्हायची ती वायरीची होईल, आणि ती बदलण्यास दुरुस्ती करणाऱ्यास बोलवावे लागणार नाही.