मूठभर धान्याचा हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यातल्या नद्यांनी पात्रे सोडली, तेव्हा छत्रपती संभाजीनगरात मदत गोळा करा असे कुणाला सांगावे लागले नाही. उस्मानपुऱ्यासारख्या भागात अभियांत्रिकी महाविद्यालय, रंगमंदिर, गुरुद्वारा, पीरबाजार, गणेश मंडळे सगळे हाकेच्या अंतरावर आहे. इथे आवाहन केले की खोली भरायला वेळ लागत नाही. अडचण खोली भरल्यावर सुरू होते. आत नेमके काय आहे, ते कुणाला हवे आहे, आणि तेच सामान गोळा करणाऱ्या संस्थेच्या परांड्याच्या शाखेत आधीच पडून आहे का, हे सांगणारी वही बहुतेक ठिकाणी नसते. एका शाखेत बिस्किटांचे खोके छताला टेकतात, दुसरीकडे ताडपत्रीसाठी फोनवर फोन चाललेले असतात.

या प्रश्नाचे चांगले उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वी शोधले होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह उघडले. सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसणार होती, पण पंगतीला लागणारे धान्य आणायचे कुठून? त्यातून मुष्टिफंड निघाला. बाईने जात्यावर बसताना दळणातले मूठभर धान्य वेगळ्या मडक्यात टाकायचे. आठवडा भरला की वसतिगृहाची मुले पोते घेऊन दारोदार फिरणार आणि ते मडके रिकामे करून नेणार. ज्या घरात रोख पैसा वर्षातून एकदा, सुगीलाच दिसे, त्या घरालाही शाळेचा आश्रयदाता होता आले.

मुष्टिफंडाची आठवण आपण भाऊरावांच्या थोरवीसाठी काढतो. त्यामागची व्यवस्था मात्र क्वचितच कुणी पाहतो. देणारीला ठाऊक होते की मुलांना काय लागते, कारण तिच्या घरात तेच शिजत होते. वाहतूक म्हणजे डोक्यावरचे पोते. धान्य ज्या गावात जमा होई तिथेच खपे, त्यामुळे कोठार तुडुंब आणि पंगत उपाशी असे होण्याची सोयच नव्हती. दर आठवड्याला मागायला येणारी मुले म्हणजे चालताबोलता ताळेबंद. आपल्या मुठीचे काय झाले, हे त्या बाईला दारात उभ्या असलेल्या पोराच्या अंगावरून कळे. संस्था वाढली, शाखा शेकडोंनी झाल्या. पण गावाने आपले वसतिगृह आपण जगवायचे, हा पाया भाऊरावांनी आधीच घालून ठेवला होता.

पुढे मदत दुरून येऊ लागली आणि ही घडी विस्कटली. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून मिलो ही तांबडी ज्वारी आली. पोटाला आधार झाला, पण त्या तांबड्या भाकरीची चव मराठवाड्यातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून विसरता येत नाही. त्याच दुष्काळात कामांवर वाटलेली सुकडी मात्र हातात पडताच खाता येई, खडी फोडणाऱ्या माणसाला दुसरे काही करावे लागत नसे.

किल्लारीने दुसरी बाजू दाखवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाची रात्र सरता सरता, भूकंपाने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली गावे झोपेतच गाडली. सुमारे आठ हजार माणसे गेली. देशभरातून ट्रक निघाले. त्यांत औषधे होती, धान्य होते, आणि जुन्या कपड्यांचे ढीगही होते. ज्या बाईने जन्मभर लुगडे नेसले, तिच्यापुढे शहरातले फाटके, तोकडे कपडे टाकले गेले. घर, माणसे, गुरे गमावलेल्या माणसाला दुसऱ्याचा टाकाऊ माल निवडायला बसवणे याला मदत म्हणता येणार नाही. त्यात देणाऱ्याच्या घराची साफसफाई होते, एवढेच.

जगाने हा धडा फार महागात घेतला. १९८८ च्या आर्मेनियातील भूकंपानंतर किमान ५,००० टन औषधे आणि वैद्यकीय सामान तिथे पोहोचले. ते निवडायला ५० माणसांना सहा महिने लागले आणि लगेच वापरता येण्याजोगे निघाले जेमतेम ३० टक्के. पुढे १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने औषधदानाचे नियम केले. त्यांतला एक असा, की औषध पोहोचेल तेव्हा त्याची मुदत किमान एक वर्ष शिल्लक हवी. आपल्या देशात १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘गूंज’ या स्वयंसेवी संस्थेने २००४ च्या सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पडलेले नकोसे कपडे उचलले, निवडले, कामाला लावले. ‘गूंज’चे मोठेपण त्या निवडण्यात आहे, गोळा तर सगळेच करतात.

वस्तू नकोतच, फक्त पैसे द्या, असे आता अनेक जाणकार म्हणतात. मला ते पटत नाही. ज्याच्याकडे शंभराची नोट नाही, पण दोन पायली ज्वारी आहे, त्याला दात्यांच्या रांगेतून बाहेर काढण्याचा हक्क कुणालाही नाही. मात्र वस्तू घ्यायची तर तिचा हिशेब पैशाइतकाच काटेकोर हवा, आणि तिथेच आपण ढिले पडतो. आयकरात सवलत पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. म्हणून वस्तूची पावती कुणी मागत नाही, आणि मागत नाही म्हणून संस्था ती फाडत नाही. रोख रक्कम रोजकीर्दीत उतरते. तांदळाचे पोते कोपऱ्यात उभे राहते, त्याला पोरकिडे लागतात, आणि ते कधी आले होते हे कुणालाच सांगता येत नाही.

अनेक शाखा असलेल्या प्रत्येक संस्थेने पहिली गोष्ट ही करावी, की यादी खालून वर यावी. कोणत्या गावाला काय हवे हे तिथल्या शाखेने ठरवावे; मुख्य कार्यालयाने ते जुळवावे आणि जिथे जास्त आहे तिथून कमी आहे तिथे हलवावे. दुसरी गोष्ट त्याहून अवघड आहे: शाखेला ‘हे नको’ म्हणण्याचा अधिकार हवा. दात्याचे मन दुखेल म्हणून आपण सगळे ठेवून घेतो आणि पूरग्रस्ताच्या मनाचा विचार सर्वांत शेवटी करतो. नम्रपणे परत पाठवलेले एक गाठोडे दहा दात्यांना शहाणे करून सोडते.

पुढचा पावसाळा येण्याआधी उस्मानपुऱ्यातल्या आणि शहरातल्या प्रत्येक मंडळाने, ट्रस्टने, शाखेने एक जाड वही आणावी. आलेली वस्तू, तारीख, वजन, मुदत, कुठे गेली आणि कुणी घेतली, एवढे रकाने पुरे आहेत. आणि वाचकहो, तुम्ही पोते बांधाल तेव्हा आत काय आहे ते बाहेर मोठ्या अक्षरांत लिहा. पाठवण्याआधी त्या गावात कुणाला तरी फोन करून विचारा, की हे तुम्हाला हवे आहे का.