परका टायर, पोरकी मजुरी

वस्तू विकत घेणे सोपे आणि ती वापरात आणणे अवघड, असा उफराटा अनुभव ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील दुचाकीस्वारांच्या वाट्याला येऊ लागला आहे. स्कूटरचा वा मोटारसायकलचा टायर झिजला की नवा टायर घरबसल्या मोबाइलवरून मागवता येतो. दोन-चार दिवसांत तो दारी येतो आणि पुष्कळदा स्थानिक दुकानातील भावापेक्षा स्वस्तही पडतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर. टायर खांद्याला अडकवून गृहस्थ जवळच्या दुकानात गेले की पहिला प्रश्न येतो, "कुठून घेतला?" खरे उत्तर द्यावे, तर "बाहेरचा माल आम्ही बसवत नाही" असे ऐकावे लागते; नाही तर मजुरीचा असा आकडा सांगितला जातो की वाचलेले पैसे तिथेच संपावेत. महिन्याच्या पगारात घराचा हप्ता, मुलांची फी आणि रेल्वेचा पास बसवणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला ही लुबाडणूक वाटली तर नवल नाही.

प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो, पण तसा तो नाही. या भागात दुचाकी ही चैन राहिलेली नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील रात्रपाळी, शिळफाट्याकडील वा घोडबंदर रस्त्यावरील नोकरी, सकाळची शाळा आणि संध्याकाळची शिकवणी, या साऱ्यांना जिथे लोकल पोचत नाही तिथे दुचाकीच पोचवते. घरोघर जेवण आणि सामान नेऊन देणाऱ्या तरुणांचे तर पोट तिच्यावर आहे. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणच्या रस्त्यांवरील खड्ड्यांनी माणसांचे बळी घेतले, ती आठवण पुसली गेलेली नाही. अशा रस्त्यांवर गुळगुळीत झालेला टायर आणखी महिनाभर रेटणे किंवा मिळेल त्या माणसाकडून नवा कसाबसा चढवून घेणे, हे दोन्ही मार्ग जिवावर बेतणारे आहेत. आणि दुकानाने दार लावले की सामान्य माणसापुढे नेमके तेच दोन मार्ग उरतात.

तथापि दुकानदाराला खलनायक ठरवून हा विषय संपत नाही. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, हवेचा कॉम्प्रेसर, टायर उतरवण्याचे यंत्र आणि हाताखालचा एखाददुसरा कामगार, हा सारा खर्च तो टायरच्या विक्रीवर सुटणाऱ्या नफ्यातून भागवत आला. "टायर घ्या, बसवून देतो" ही त्याची वर्षानुवर्षांची बोली. बसवण्याचे काम त्यात फुकट दिसत असे, पण ते फुकट कधीच नव्हते. त्याचा मोबदला टायरच्या किमतीत दडलेला होता. आता विक्री दुसरीकडे गेली आणि त्याच्या हाती राहिली ती एकटी मजुरी. शिवाय कोणत्या मापाचा टायर घ्यावा, कोणता जास्त टिकतो, हा सल्ला त्याच्याकडून घेऊन त्याच्याच दारात उभ्या उभ्या मोबाइलवर मागणी नोंदवणारे ग्राहकही कमी नाहीत. अशा माणसाने कपाळाला आठी घातली तर तिचे कारण समजण्याजोगे आहे.

या गुंत्याचे मूळ दुचाकीच्या बदललेल्या बाजारात आणि बदललेल्या चाकात आहे. १९७२ साली आलेली बजाज चेतक मिळवण्यासाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या टंचाईच्या काळात ग्राहक मालासाठी विक्रेत्याच्या दारी उभा असे; मालासोबत मजुरी आपोआप येई. त्या स्कूटरचे चाकही साधे होते. त्याची रिम दोन भागांची असे. हवा सोडून नट काढले की ते भाग वेगळे होत आणि टायर मोकळा होई. जोडीला स्टेपनी होतीच. थोडाफार हात चालणारा कारकून पाना घेऊन हे काम रस्त्याच्या कडेलाही उरकू शकत असे. आज माल उदंड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे सरकारनेही माल स्वस्त होण्यास हातभार लावला. चाक मात्र पूर्वीसारखे घरगुती राहिले नाही.

ट्यूबलेस टायरची कड अखंड रिमला इतकी घट्ट बसावी लागते की हवेला फट मिळता कामा नये. जुनी कड सोडवताना लोखंडी पट्टी चुकीची लागली तर मिश्रधातूच्या रिमवर ओरखडा उठतो आणि तिथून हवा झिरपू लागते. टायरच्या अंगावर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. तो उलटा बसला तर नक्षीचे चर पावसाचे पाणी अपेक्षेप्रमाणे बाहेर फेकत नाहीत. जुना रबरी व्हॉल्व्ह तसाच ठेवला तर नव्या टायरलाही तो दगा देतो. मोटारसायकलचे मागचे चाक पुन्हा लावताना साखळीचा ताण आणि ब्रेक जुळवावा लागतो. काही स्कूटरचे मागचे चाक काढायचे तर आधी सायलेन्सर सोडावा लागतो. हे काम अर्ध्या तासाचे असेल, पण बिनडोक्याचे नाही. ज्याच्या हातून चूक झाली तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो, त्या कामाला स्वतःची किंमत असू नये, हेच मुळात विपरीत आहे.

मराठी समाजाला ही गोष्ट एके काळी चांगली ठाऊक होती. भाषेतच तिचा पुरावा आहे. दळणाची मजुरी ती दळणावळ, शिवण्याची ती शिवणावळ, दागिना घडवण्याची ती घडणावळ, कापूस पिंजण्याची ती पिंजणावळ. गहू कोणत्या वाण्याकडून आणला, हे गिरणीवाला विचारत नाही. डबा ठेवून घेतो आणि किलोमागे दर घेतो. कापड दादरला घेतले की कल्याणला, याच्याशी शिंप्याला कर्तव्य नसते. घरचे सोने नेले तरी सोनार घडणावळ घेऊन दागिना करून देतो. वस्तू एकाची, कसब दुसऱ्याचे आणि दोघांचा हिशेब वेगळा, ही रीत त्यामुळे अंगवळणी पडली होती. टायर चढवण्याच्या कामाला मात्र असा शब्द मिळालाच नाही, कारण ती मजुरी कधी उघडपणे मागितली गेली नाही आणि उघडपणे दिलीही गेली नाही. आजचा तंटा हा त्या न बोललेल्या मजुरीचा तंटा आहे.

कायद्याची दिशाही हीच आहे. जुलै २०२० मध्ये अमलात आलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक वस्तू वा सेवा मिळण्यासाठी दुसरी वस्तू घेण्याची अट घालणे हे निर्बंधात्मक व्यापारपद्धतीत मोडते. ही व्याख्या टायरच्या छोट्या दुकानाला कुठवर लागू पडेल, यावर वकील वाद घालतील; तिचा आशय मात्र स्पष्ट आहे. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावला, तो सुटे भाग स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना खुलेपणाने मिळू दिले नाहीत म्हणून. माल आणि दुरुस्ती एकाच दावणीला बांधू नयेत, हे सूत्र तिथेही होते. "उद्या काही झाले तर आमच्यावर येईल" या दुकानदारांच्या भीतीचे उत्तरही २०१९ च्या कायद्यात सापडते. सदोष मालाबद्दल उत्पादक, विक्रेता आणि सेवा देणारा यांची जबाबदारी त्यात वेगवेगळी मांडली आहे. टायरच्या घडणीतच खोट असेल तर तिचा जाब उत्पादकाला. बसवण्यात हयगय झाली असेल तेवढ्यापुरता तो बसवणाऱ्याला. ही विभागणी सिद्ध करण्यासाठी लागतो तो कागद, आणि तोच या व्यवहारात नसतो.

म्हणून उपाय सक्तीचा नव्हे, उघडपणाचा हवा. प्रत्येक दुकानदाराने प्रत्येक ग्राहकाचे काम केलेच पाहिजे असा बडगा उगारणे न्याय्यही नाही आणि व्यवहार्यही नाही. पण डोंबिवलीतल्या कोणत्याही केशकर्तनालयात भिंतीवर दरपत्रक लटकते. दाढीचे इतके, केस कापण्याचे इतके. तसाच फलक टायरच्या दुकानात लागायला काय हरकत आहे? पुढचे चाक, मागचे चाक, ट्यूबलेस, ट्यूबचे, नवा व्हॉल्व्ह, असे वेगवेगळे दर लिहावेत. दुकानातून टायर घेणाऱ्याला मजुरीत सवलत द्यायची असेल तर तीही उघड लिहावी. बाहेरच्या मालाला थोडा जास्त दर लावला तरी तक्रारीला जागा राहणार नाही, मात्र तो आधी सांगितलेला असावा. कामानंतर तारीख, टायरचे माप, त्यावरील चार आकडी निर्मितीखूण आणि घेतलेली मजुरी यांची पावती द्यावी. केलेल्या सेवेची पावती नाकारणे कायद्याने अनुचित व्यापारप्रथेत गणले आहेच. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांनी आणि व्यापाऱ्यांच्या संघटनांनी एकत्र बसून असे नमुना दरपत्रक तयार केले, तर शहरागणिक चालणारी घासाघीस बरीच कमी होईल. दूरवरून टायर विकणाऱ्या कंपन्यांनीही माल दारात टाकून हात झटकू नयेत. तो कुठे आणि किती मजुरीत बसवून मिळेल, हे विक्रीच्या वेळीच सांगणे त्यांचे काम आहे.

ग्राहकालाही काही शिकावे लागेल. ९०/१००-१० अशा मापातले पहिले दोन आकडे टायरची रुंदी आणि तिच्या प्रमाणात उंची सांगतात, तर शेवटचा रिमचा व्यास इंचांत; ते वाहनाच्या पुस्तिकेशी ताडून पाहावेत. आयएसआय चिन्ह पाहावे. निर्मितीखुणेतले पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात, म्हणजे १२२५ हा २०२५ च्या बाराव्या आठवड्यातला टायर; स्वस्ताईपोटी कित्येक वर्षे गोदामात पडलेला माल गळ्यात पडत नाही ना, हे त्यावरून कळते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, छापील किमतीपुढे मुकाट्याने पैसे मोजणाऱ्याने हाताला काळे लावून काम करणाऱ्याशी दहा-वीस रुपयांसाठी हुज्जत घालू नये. मालाच्या किमतीत वाचवलेल्या पैशांतला काही वाटा कारागिराच्या कसबाला द्यायची तयारी असेल, तरच बाहेरून आणलेला टायर बसवून मागण्याचा हक्क ग्राहकाला ताठ मानेने सांगता येईल. दुकानदारालाही मग "कुठून घेतला?" हे विचारण्याचे कारण उरणार नाही, चाक कोणते, पुढचे की मागचे, एवढेच विचारून तो कामाला लागेल.