लाठीचाही पंचनामा व्हावा

गारपीट झाली की दोन-चार दिवसांत तलाठी गावात येतो. सरकारने २०२४ साली त्याचे नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केले, पण गावाच्या तोंडी तो अजून तलाठीच आहे. सोबत कृषी सहायक असतो, ग्रामसेवक असतो. गट नंबर, क्षेत्र, पीक, नुकसान किती टक्के, खाली पंचांच्या सह्या. कधी हा पंचनामा बांधावर न जाता चावडीवर बसूनच होतो, त्यावर आपण भांडतोही. पण कागद होतो. कागद असतो म्हणून तर भांडता येते.

आता दुसरे नुकसान पाहा. मोर्चात, रांगेत, रास्ता रोकोत काठी बसते. कोणाचा हात मोडतो, कोणाचे डोके फुटते. ऐन हंगामात महिनाभर घरी बसावे लागते. याचा पंचनामा कोण करतो? काठी कोणी मारली, कोणाच्या हुकमाने मारली, मारण्याआधी इशारा दिला होता का, हे कोणत्या रजिस्टरात लिहिले जाते आणि ते रजिस्टर गावाला पाहायला मिळते का?

फार वर्षांमागची गोष्ट आहे. खताची टंचाई होती आणि दुकानापुढे पहाटेपासून रांग. धक्काबुक्की झाली, बंदोबस्तावरच्या शिपायांनी काठ्या चालवल्या. आमच्या गावचे एक म्हातारे त्यात सापडले. मनगट सुजून टम्म. दवाखान्याच्या कागदावर ‘पडून मार लागला’ एवढेच लिहून आले. मी म्हटले, तक्रार करू. म्हातारा हसला. म्हणाला, “बाबू, हात मोडला थे साऱ्यायले दिसते. पन मोडला कोनं, थे कोनालेच नाई दिसत. सारेच खाकी. नाव कोनाचं लिवू?”

म्हाताऱ्याच्या या प्रश्नाचे उत्तर इतक्या वर्षांत आपण दिलेले नाही.

आपल्या बुलडाण्याचेच घ्या. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी जिल्हाधिकारी कार्यालयापुढे काय झाले ते जिल्ह्याला ठाऊक आहे. सोयाबीन-कापसाचा भाव आणि पीकविमा या मागण्यांसाठी रविकांत तुपकरांनी आत्मदहनाचा इशारा दिला होता. ते अंगावर ज्वालाग्राही पदार्थ ओतून घेऊन तिथे आले, पोलिसांनी त्यांना धरले, पाठोपाठ शेतकऱ्यांवर लाठीमार झाला. तुपकरांचे राजकारण कोणाला पटो न पटो, तो आजचा विषय नाही. पेटवून घेऊ पाहणाऱ्या माणसाला अडवणे हे पोलिसांचे कामच होते, तेही कबूल. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. जमलेल्या शेतकऱ्यांवर काठी चालली, त्या काठीचा हिशेब कोणी दिला? असल्या प्रत्येक प्रसंगी एक कहाणी पोलिसांची असते आणि एक आंदोलकांची. पहिला म्हणतो दगड आधी आला, दुसरा म्हणतो काठी आधी आली. तिसरा, भरवशाचा कागद मध्ये नसतो. मग ज्याचा आवाज मोठा, त्याची कहाणी खरी ठरते.

देऊळगावराजा ओलांडले की जालना जिल्हा लागतो. तिथे अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत १ सप्टेंबर २०२३ रोजी मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला. बायाबापड्यांनाही मार बसला. तेव्हाचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी माफी मागितली, पोलीस अधीक्षकांना सक्तीच्या रजेवर पाठवले. पण ‘हुकूम कोणी दिला’ हा प्रश्न पुढे कितीतरी महिने सभा-सभांतून फिरत राहिला. जो प्रश्न त्याच रात्री ठाण्याच्या एका कागदावर मिटायला हवा होता, तो राजकारणाचे भांडवल झाला. कागद नसला की असेच होते. मार खाणाऱ्याला न्याय मिळत नाही आणि शिस्तीने वागलेल्या शिपायावरचा डागही पुसला जात नाही.

याआधीच्या जखमाही विदर्भ-महाराष्ट्राने पाहिल्या आहेत. २३ नोव्हेंबर १९९४ ला नागपुरात विधानभवनावर आलेल्या गोवारी मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसे गेली. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात पवना धरणाच्या जलवाहिनीविरुद्ध शेतकरी रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, तिघे ठार झाले. दोन्ही वेळी चौकशी आयोग नेमले गेले. आयोग नेमणे वाईट नाही. पण आयोग म्हणजे जनावर वाहून गेल्यावर पूर मोजणे. रोजचा हिशेब रोज लिहिला असता तर आयोगाला अंदाज बांधत बसावे लागले नसते.

हल्ली एक नवा विचार कानावर येतो. काठी नको, बंदूक नको, पोलिसांना टेसर द्या. टेसर म्हणजे विजेचा झटका देणारे पिस्तूल. चाप ओढला की तारेला जोडलेल्या दोन बारीक सुया सुटतात, अंगात रुततात, आणि साधारण पाच सेकंद माणसाचे स्नायू आखडून तो खाली कोसळतो. आपल्या शेजारच्या गुजरात पोलिसांनी २०२२ साली ही हत्यारे घेतली. बाजूने बोलणारे म्हणतात, हाडे मोडत नाहीत, जीव जात नाही. शिवाराला झटका मशीन लावणाऱ्या आपल्या लोकांना हे चटकन पटेलही. रानडुक्कर झटका खाऊन पळते, मरत नाही, तसेच हे.

पण माणूस पळत नाही, जागच्या जागी उभा कोसळतो. ऑस्ट्रेलियात मे २०२३ मध्ये कूमा नावाच्या गावी वृद्धाश्रमातल्या ९५ वर्षांच्या क्लेअर नाउलँड या आजीच्या हातात सुरी होती, चालायला आधाराची चौकट होती. पोलिसाने टेसर चालवले. आजी पडल्या, डोक्याला मार लागला, आठवड्याभरात गेल्या. न्यायालयाने त्या पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी दोषी धरले, पण तुरुंगवास दिला नाही. तेव्हा ‘जीव न घेणारे हत्यार’ या नावावर जाऊ नये. आणि दुसरे, टेसर एका माणसासाठी असते. हजारोंच्या मोर्चापुढे त्याचा उपयोग नाही. तिथे काठीच चालणार.

तरी टेसरकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. ते हत्यार स्वतःचा हिशेब स्वतः ठेवते. चाप किती वाजता ओढला, किती सेकंद धरला, हे त्याच्या आत नोंदले जाते. इंग्लंडमध्ये टेलफर्ड इथे १५ ऑगस्ट २०१६ रोजी डॅलियन ॲटकिन्सन हा माजी फुटबॉलपटू पोलिसांच्या कारवाईत मेला. नेहमी पाच सेकंद चालणारा झटका त्याला सलग ३३ सेकंद दिला होता, शिवाय डोक्यात लाथा घातल्या होत्या. २०२१ साली त्या पोलिसाला आठ वर्षांची शिक्षा झाली. पोलीस काय म्हणाला आणि शेजारी काय म्हणाले, एवढ्यावरच खटला अडून राहिला नाही. सेकंदांची नोंद समोर होती.

आपल्या काठीला सेकंद नाहीत. ती मुकी आहे. म्हणून तिच्या वतीने माणसाने लिहायला हवे.

परभणीचे उदाहरण ताजे आहे. डिसेंबर २०२४ मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर तिथे उद्रेक झाला, पोलिसांनी धरपकड केली. त्यात पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. आजारपणाचे कारण पुढे आले. पण शवविच्छेदनाच्या कागदावर अंगावरच्या अनेक जखमांची नोंद होती. त्याची आई न्यायालयात गेली. ४ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांवर गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. एका आईची बाजू उभी राहिली ती डॉक्टरांच्या कागदावर. त्या कागदावरही ‘पडून मार लागला’ असे आले असते तर?

कायदा काय सांगतो तेही गावाला माहीत असावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १४८ प्रमाणे जमाव पांगवण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाण्याचा प्रमुख किंवा तो हजर नसेल तर फौजदाराहून कमी नसलेला अधिकारी देऊ शकतो. म्हणजे हुकमाला धनी असलाच पाहिजे. काठी आपोआप चालत नाही. कलम १५१ मात्र सद्भावनेने केलेल्या कारवाईला संरक्षण देते, सरकारच्या मंजुरीशिवाय खटला भरता येत नाही. संरक्षण असावे, आमचा विरोध नाही. पण ज्याला कायद्याने ढाल दिली, त्याच्याकडून निदान हिशेबाची वही तरी मागावी की नाही?

अटकेबाबत तर कायदा आणखी स्पष्ट आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले की अटकेचा कागद जागीच करावा, त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची सही घ्यावी, नातेवाइकांना कळवावे, कोठडीत दर ४८ तासांनी डॉक्टरी तपासणी करावी. अटकेच्या कागदावर साक्षीदाराची सही घेण्याचे आता नव्या संहितेच्या कलम ३६ मध्येही आहे. २ डिसेंबर २०२० च्या निकालाने प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि त्यांचे चित्रण दीड वर्ष जपून ठेवणे सांगितले. २००६ च्या प्रकाश सिंग निकालानंतर महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायदा सुधारून राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक यांची तक्रार तिथे करता येते. हे गावात किती जणांना ठाऊक आहे? पीकविम्याच्या ७२ तासांची सूचना आपण ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहीत होतो, ही सूचना कधी लिहिली का?

‘गावातली प्रतिष्ठित व्यक्ती’ म्हणजे कोण? सरपंच, पोलीस पाटील, तुम्ही-आम्हीच. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने पोलीस पाटलाला नेमले ते नुसती ठाण्याला खबर पोहोचवायला नव्हे. रात्री-अपरात्री गाडी आली आणि गावातला पोरगा उचलला, तर पाटलाने पुढे होऊन विचारावे, “साहेब, कागद केला का? वेळ कोणती लिहिली? सही मी करतो.” यात उद्धटपणा नाही, हे कायद्याचेच काम आहे. पाटलाची अडचण मी समजतो. उद्या त्याला त्याच ठाण्यात जायचे असते. म्हणूनच त्याच्या पाठीशी ग्रामसभा हवी.

आणि पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. बंदोबस्तावरचा शिपाई काही आभाळातून पडत नाही. तो आपल्याच भावकीतला असतो, बापाने वावर विकून भरतीच्या क्लासला घातलेला. सणावाराला घर नाही, बारा-बारा तास उभे, त्यात कोणीतरी मागून दगड भिरकावतो आणि कपाळ त्याचे फुटते. त्या दगडाचाही पंचनामा व्हावा. नोंद ठेवली तर ती त्यालाही वाचवते. वरच्याने तोंडी हुकूम द्यायचा आणि अंगाशी आले की खालच्याने निलंबित व्हायचे, हा खेळ लेखी हुकमाने थांबेल.

म्हणून जिल्ह्याच्या प्रशासनाकडे मागणे फार नाही. लाठी चालली की २४ तासांत एक पानाचा पंचनामा व्हावा. हुकूम कोणाचा, वेळ कोणती, इशारा कसा दिला, किती जणांनी काठी चालवली, दोन्हीकडचे जखमी किती, एवढेच त्यात असावे. एक प्रत तहसील कचेरीत लागावी. बंदोबस्तावरच्या प्रत्येकाच्या छातीवर आणि शिरस्त्राणावर वाचता येईल असा नंबर असावा. चित्रण मोर्चा सुरू झाल्यापासून व्हावे, दगड पडल्यापासून नव्हे. सरकारी दवाखान्यात जखमीने सांगितलेले कारण त्याच्याच शब्दांत लिहावे.

आपल्याकडूनही काही व्हावे. मोर्चा काढणाऱ्यांनी मार्ग आणि वेळ लेखी कळवावी, आपले स्वयंसेवक नेमावेत आणि हातात दगड दिसेल त्याला आपणच बाजूला करावे. मार बसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कागद घ्यावा, फोटो काढावा. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. आणि येत्या ग्रामसभेत वरच्या मागण्यांचा एक ठराव घ्यावा. ठराव कचेरीत पडून राहील म्हणता? राहू द्या. माहितीच्या अधिकारात २००५ पासून आपण पडलेले कागद उठवायला शिकलो आहोत.

त्या म्हाताऱ्याचे मनगट पुढे वाकडेच जुळले. मरेपर्यंत त्यांना त्या हाताने विळा धरता आला नाही. मारणाऱ्याबद्दल त्यांच्या मनात राग नव्हता. एकच म्हणत, “लिवून तं ठेवलं पायजे होतं कोनी.”

तेवढेच मागणे आहे.