किल्ली पेटीत, पण पेटी उघडी!

देवस्थानच्या दागिन्यांच्या पेटीला एकाहून अधिक कुलपे असावीत आणि त्यांच्या किल्ल्या निरनिराळ्या महाजनांकडे असाव्यात, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. यात कोणा एकावर अविश्वास नसतो. एकाच्या चुकीने सर्वांचे धन जाऊ नये, एवढाच हेतू असतो.

बँकांचे आणि सरकारी खात्यांचे इंटरनेटवरील व्यवहार आज गुप्त सांकेतिक किल्ल्यांवर चालतात. या किल्ल्या जपण्यासाठी खास बंदिस्त यंत्रे असतात. सही यंत्राच्या आतच होते; किल्ली बाहेर येत नाही. मग यंत्र विकत घेतले की आपण निर्धास्त झालो काय?

हॉलंडमधील डिजिनोटार या संस्थेने २०११ साली याचे उत्तर दिले. संकेतस्थळांच्या खरेपणाचे दाखले देणे हे तिचे काम. यंत्रे तिच्याकडेही होती. परंतु दाखले देणारे तिचे सारे संगणक एकाच नावाने आणि एकाच कच्च्या परवलीच्या शब्दाने उघडत होते. घुसखोराला किल्ली चोरण्याची गरजच पडली नाही. त्याने पाचशेहून अधिक खोटे दाखले यंत्राकडूनच करून घेतले. त्यांतील गूगलच्या नावाचा दाखला इराणमधील नागरिकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरला गेला आणि त्याच सप्टेंबरात संस्थेचे दिवाळे वाजले.

याउलट, इंटरनेटवरील नावांच्या यादीची मूळ किल्ली २०१० पासून अमेरिकेत दोन ठिकाणी अशाच यंत्रांत ठेवलेली आहे. प्रत्येक ठिकाणी सात विश्वस्त नेमलेले असून, त्यांपैकी किमान तिघे हजर राहिल्याशिवाय तेथील यंत्र सहीस तयार होत नाही. आमच्या महाजनांचीच ही रीत नव्हे काय?

आणि आपल्याकडे? डिजिटल सहीचे टोकन कारकुनाच्या खणात आणि त्याचा पिन वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर, हे दृश्य कोणाला अपरिचित आहे? आपल्या किल्लीवरील ताबा सुटू न देण्याची जबाबदारी २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४२ व्या कलमाने सही करणाऱ्यावरच टाकली आहे. उद्या त्या सहीने जमीन गेली वा कर्ज निघाले, तर यंत्राला दोष देऊन सुटका होणार नाही.

यंत्र किल्ली राखते. यंत्राला मात्र माणसानेच राखावे लागते. अधिकाऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आपले टोकन आजच आपल्या ताब्यात घ्यावे, असे आम्हास आग्रहाने सांगावेसे वाटते.