रिंगमध्ये रेफरी असतो, घरात कोण?

मुलींना कराटे शिकवा, बॉक्सिंग शिकवा, म्हणजे उद्या नवऱ्याची हात उगारायची हिंमत होणार नाही, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. महिला मेळाव्यात कुणी हे वाक्य बोलले की टाळ्या पडतात. मुलींनी खेळावे, अंगात रग आणावी, याला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. पण या वाक्याच्या पोटात एक चुकीची समजूत दडलेली आहे. जिला मार बसतो ती दुबळी असते म्हणून बसतो, ही ती समजूत. ती खोटी आहे आणि बायकांच्या जिवावर उठणारी आहे. हे पटवून देण्यासाठी आम्ही आज अमेरिकेतल्या एका व्यावसायिक महिला बॉक्सरची कारकीर्द सांगणार आहोत. तिचे नाव ख्रिस्टी मार्टिन.

ख्रिस्टीचा जन्म १९६८चा. वेस्ट व्हर्जिनिया हे कोळशाच्या खाणींचे राज्य. तिथल्या इटमन या लहानशा गावात ती वाढली. वडील खाणीत कामाला होते. बास्केटबॉलच्या जोरावर शिष्यवृत्ती मिळवून ती कॉलेजला गेली. त्या काळात हौशी बायकांच्या ठोसेबाजीच्या एका स्पर्धेत उतरली आणि जिंकली. तिथून तिची पावले बॉक्सिंगकडे वळली. १९८९ पासून ती पैसे घेऊन लढू लागली. खाणकामगाराची पोर हीच पुढे तिची रिंगमधली ओळख झाली.

टेनेसी राज्यातल्या ब्रिस्टल गावी जिम मार्टिन नावाच्या प्रशिक्षकाकडे ती शिकायला गेली. वयाने तो तिच्यापेक्षा सुमारे २५ वर्षांनी मोठा. आपल्या व्यायामशाळेत बाई नको म्हणून तिच्या बरगड्या मोडून तिला पळवून लावायचा बेत आपण केला होता, हे त्यानेच पुढे सांगितले. पोरीत दम आहे, हिच्यावर पैसा मिळेल, हे दिसल्यावर तो बेत बदलला. तो तिचा प्रशिक्षक झाला, व्यवस्थापक झाला आणि मग नवराही झाला.

१९९३ मध्ये डॉन किंग या बड्या आयोजकाने तिच्याशी करार केला. त्याने करारबद्ध केलेली ती पहिली महिला बॉक्सर. १६ मार्च १९९६ रोजी लास वेगासमध्ये माइक टायसन आणि फ्रँक ब्रुनो यांची लढत होती. तिच्या आधी ख्रिस्टीची आयर्लंडच्या डिअड्रा गोगार्टीशी सहा फेऱ्यांची लढत ठेवली होती. ख्रिस्टीचे नाक फुटले, रक्त वाहत राहिले, ती थांबली नाही आणि जिंकली. टायसनला बघायला बसलेले लोक हिचेच नाव घेत घरी गेले. महिन्याभरात स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड या नामांकित साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तिचा फोटो झळकला. त्या रात्री टायसनला सुमारे तीन कोटी डॉलर मिळाले आणि ख्रिस्टीला १५ हजार, हेही लक्षात ठेवा. तरी त्या रात्रीनंतर महिला बॉक्सिंगकडे टवाळीने बघणे कमी झाले. व्यावसायिक कारकिर्दीत तिने एकूण ४९ लढती जिंकल्या, ७ हरल्या, ३ बरोबरीत सुटल्या.

आता हीच बाई घरी कशी जगत होती ते पाहा. पैशाचा सगळा व्यवहार नवऱ्याच्या हातात. लढती तोच ठरवणार, सराव तोच घेणार, कोणाला भेटायचे तेही तोच ठरवणार. ख्रिस्टीला स्त्रियांविषयी ओढ होती आणि ते त्याला ठाऊक होते. ते बाहेर फुटले तर कारकीर्द संपेल, या भीतीवर त्याने तिला वर्षानुवर्षे दाबून ठेवले. तिचे खासगी चित्रण जगाला दाखवीन अशी धमकी दिली. तिला कोकेनची सवय लागली, आणि ते कोकेन तोच आणून द्यायचा. ‘मला सोडून गेलीस तर जीव घेईन’ हे वीस वर्षे ऐकत आल्याचे तिने नंतर जाहीरपणे सांगितले आहे. आणि त्याच काळात, नवऱ्याच्या तालमीत तयार झालेली सुखी संसारी बॉक्सर म्हणून ती लोकांसमोर मिरवली जात होती.

२०१० च्या नोव्हेंबरमध्ये तिने वेगळे व्हायचे ठरवले. २३ नोव्हेंबरला फ्लोरिडातल्या राहत्या घरी जिम मार्टिनने तिला चाकूने भोसकले, पोटरी कापली, फुप्फुसाला जखम केली आणि तिच्याच पिस्तुलातून तिच्या छातीत गोळी झाडली. ती मेली असे समजून तो अंघोळीला गेला. पाण्याचा आवाज आल्यावर ती उठली, रक्ताळलेल्या अंगाने रस्त्यावर आली. एका अनोळखी माणसाने गाडी थांबवून तिला दवाखान्यात नेले, म्हणून ती वाचली. २०१२ मध्ये जिम मार्टिनला २५ वर्षांची शिक्षा झाली. २०२४ मध्ये तो तुरुंगातच मेला.

ही हकीकत आम्ही बैठकांत सांगतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘एवढी बॉक्सर होती, तर तिने त्याला एक ठोसा का नाही ठेवून दिला?’

भगिनींनो, या प्रश्नाचे उत्तर तिच्या दंडात शोधू नका. पैसे कोणाकडे होते, ते विचारा. काम कोणाच्या हातात होते, गुपित कोणाकडे होते, तिच्या बाजूने बोलणारे माणूस कोणी उरले होते का, ते विचारा. घरातली मारहाण ही दोघांची कुस्ती नसते. एकाने दुसऱ्याच्या आयुष्याच्या सगळ्या वाटा आधीच अडवलेल्या असतात, हात नंतर उठतो. कधी कधी हात उचलायची गरजही पडत नाही, नजर पुरते. आपल्या वस्तीतल्या बाईचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असते, मोबाइल तो रोज तपासतो, माहेरी जायला त्याची परवानगी लागते. तिला कोणी कराटेचा ब्लॅक बेल्ट दिला तरी यातले काय बदलेल?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ख्रिस्टी वीस वर्षे राहिली आणि जायला निघाली तेव्हा तिच्यावर प्राणघातक हल्ला झाला. यात नवल काही नाही. बाई वेगळी होण्याच्या बेतात असते तो आणि घर सोडल्यानंतरचा लगतचा काळ हाच सर्वांत धोक्याचा असतो, हे जगभर या विषयावर काम करणाऱ्यांना माहीत आहे. म्हणून ‘सोडून दे ना त्याला’ असा सल्ला फुकट देऊ नये. सल्ला द्यायचा तर त्याबरोबर राहायची जागा, बरोबर येणारे माणूस आणि कागदपत्रांची व्यवस्था द्यावी.

आम्ही परिचारिका म्हणून कॅज्युअल्टीत वर्षे काढली. तिथे येणाऱ्या बायका न्हाणीत पडलेल्या असतात, जिन्यावरून घसरलेल्या असतात, दार लागलेले असते. केसपेपरवर तेच लिहिले जाते, टाके पडतात, बाई घरी जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार देशात लग्न झालेल्या, १८ ते ४९ वयाच्या सुमारे २९ टक्के बायकांनी नवऱ्याची हिंसा सोसलेली आहे. आणि शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी मदत मागणाऱ्या जेमतेम १४ टक्के. बाकीच्या बहुतेकींनी कोणाजवळ शब्दही काढलेला नाही.

आता रिंग आणि घर यांची तुलना आरोग्याच्या नजरेने करू. बॉक्सिंग हा धोक्याचाच खेळ आहे, मेंदूला इजा करणारा आहे, हे आम्ही लपवत नाही. पण रिंगमध्ये समोरची बाई तुमच्याच वजनगटातली असते. हातात ग्लोव्ह्ज असतात. महिलांची फेरी बहुधा दोन मिनिटांची, मग एक मिनिट विश्रांती. डोक्याच्या मागे मारायला बंदी. कोसळली तर रेफरी दहा आकडे मोजतो. कडेला डॉक्टर असतो, तो लढत थांबवू शकतो. डोक्याला मार लागून हरलेल्या खेळाडूला पुढचे काही आठवडे किंवा महिने लढू देत नाहीत, कारण आधीचा मार भरून यायच्या आत पुन्हा मार बसला तर मेंदूला फार मोठा धोका असतो.

घरात यातले काहीच नसते. मार कानशिलावर बसतो, डोके भिंतीवर आपटले जाते, गळा दाबला जातो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणून काही खुणा प्रत्येकीने ओळखाव्यात. डोक्याला मार लागल्यावर सतत डोके दुखणे, उलटी, चक्कर, अंधारी, कानात आवाज, विसरायला होणे, नेहमीपेक्षा जास्त झोप येणे, बोलताना अडखळणे यातले काहीही झाले तर बाम चोळून झोपू नका, दवाखाना गाठा. गळा दाबला गेला असेल तर बाहेरून वळ दिसला नाही तरी आत सूज येऊ शकते. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, श्वास लागणे, डोळ्यांत लाल ठिपके येणे ही धोक्याची लक्षणे आहेत, आणि ती काही तासांनीही येतात. ज्या घरात एकदा गळा दाबला गेला, त्या घरात पुढे खून होण्याचा धोका कितीतरी वाढतो. हा इशारा कधीही हलका घेऊ नये.

ख्रिस्टीची कारकीर्द त्या रात्री संपली नाही. सात महिन्यांच्या आत, जून २०११ मध्ये ती पुन्हा रिंगमध्ये उतरली. हात मोडला, लढत थांबवावी लागली, आणि हाताच्या शस्त्रक्रियेनंतर तिला पक्षाघाताचा झटका आला. तरीही २०१२ मध्ये ती शेवटची लढली. परिचारिका म्हणून विचाराल तर एवढ्या जखमांनंतर इतक्या लवकर लढणे आम्हाला मान्य नाही. लोकांनी तिच्या जिद्दीचे पोवाडे गायले, पण आजारी शरीराला जिद्दीच्या नावाखाली राबवणे आपल्या बायकांनाही नवीन नाही, टाके ओले असताना कामावर जाणाऱ्या आम्ही पाहिल्या आहेत. तिने पुढे जे केले ते आम्हाला मोठे वाटते. तिने सगळे उघड बोलायला सुरुवात केली. नवऱ्याचे, व्यसनाचे, स्वतःच्या ओढीचे, काहीच झाकले नाही. हिंसा सोसलेल्या बायकांसाठी संस्था काढली. २०१७ मध्ये आपल्याच एका जुन्या प्रतिस्पर्धी बॉक्सरशी, लिसा होलवाइनशी लग्न केले. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये निवड झालेल्या पहिल्या महिलांमध्ये तिचे नाव आहे. या बाईला दवाखान्याने वाचवले, पण त्याआधीच्या वीस वर्षांत तिला ‘घरी सगळे ठीक आहे ना?’ असे एकान्तात विचारणारे कोणी असते तर?

हा प्रश्न आपल्या दवाखान्यांनी स्वतःला विचारायचा आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. तिथे उपचारासोबत बाईशी बोलण्याची, तिला समुपदेशन आणि कायद्याची मदत देण्याची सोय केली गेली. म्हणजे हे होऊ शकते. नर्सभगिनींना आमचे सांगणे आहे: ड्रेसिंगच्या वेळी नवऱ्याला, सासूला बाहेर थांबवा. बाईला एकटीला विचारा. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहा, कुठे किती जखम आहे ते नीट नोंदवा. ती काही बोलली नाही तर जबरदस्ती करू नका, पण ‘केव्हाही ये’ एवढे सांगा.

बायकांनी कायदा माहीत करून घ्यावा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा नुसत्या मारापुरता नाही. शिव्या, धमक्या, पैसे हिरावणे, लैंगिक जबरदस्ती हे सगळे त्यात येते. घर नावावर नसले तरी त्यात राहण्याचा हक्क तो देतो. संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, आणि उपचार मागणाऱ्या पीडित बाईला दवाखान्याने ते दिलेच पाहिजेत. वकील परवडत नाही ही अडचण मनात आणू नका. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. मदतीसाठी १८१ आणि जीव धोक्यात असेल तर ११२ हे क्रमांक पाठ असू द्या. आधार कार्ड, बँक पासबुक, मुलांचे दाखले यांच्या प्रती विश्वासाच्या घरी ठेवा.

आणि शेजाऱ्यांनी ‘नवरा-बायकोचे भांडण’ म्हणून दार लावून घेऊ नये. आवाज आला की दार वाजवा, साखर मागायच्या निमित्ताने का होईना. दोघीतिघी मिळून जा. मुलींना बॉक्सिंग जरूर शिकवा. सोबत तिच्या नावाचे बँक खाते काढा, तिच्या हातात तिची कमाई ठेवा, आणि माहेरचे दार रात्री दोन वाजताही उघडेल हे लग्नाच्या आधीच तिला सांगून ठेवा.